‘अहो’ला फोन लाव

किस्से कुणी गोळा करायला जात नाही. जुन्या चाव्या साठतात तसे ते साठतात. कुठल्या कुलपाची कुठली, हे विसरलं तरी टाकवत नाही! माझ्याकडचे बहुतेक सगळे एकाच खोलीतले आहेत. श्रीरामपुरातल्या एका वाचनालयाच्या मागची ही खोली. पूर्वी तिथे जुन्या मासिकांचे गठ्ठे असायचे, आता दुपारी आम्ही म्हातारी माणसं असतो आणि आमचे मोबाईल असतात.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि लाईनवरून बाजूला व्हायचं. रिटायर झाल्यावर वाटलं, सुटले. मग एकदा वाचनालयात शेजारच्या आजोबांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "बाई, जरा लावून देता का?" तेव्हापासून पुन्हा जोडून देते आहे.

राग येतो तो फोन बनवणाऱ्यांचा. अक्षरं मुंगीएवढी, बटणं दिसत नाहीत, आणि जरा कुठे सवय झाली की रातोरात सगळं बदलून ठेवतात. घर तेच, पण सकाळी उठलं तर मोरी कुठे आणि चूल कुठे, शोधत बसा! त्यावर मुलं म्हणतात, "आई, सोप्पंय गं." सोपं असतं तर माझ्या खोलीत एवढी गर्दी झाली असती का?

*

दगडूआण्णा मूळचे शनिशिंगणापूरचे. आता मुलाकडे श्रीरामपुरात असतात. उभं आयुष्य शेतात गेलेला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मोबाईलवर बोट असं दाबलं की मला काचेची काळजी वाटली. विहिरीवरची मोटर चालू करायची सवय!

"आण्णा, दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं."

"टेकवलं तर चालू कसं हुईल?"

"तुमच्या घरी काकू कपाळाला टिकली लावतात ना? तेवढंच."

आण्णांनी टिकली लावली. काही झालं नाही. पुन्हा लावली, तरी नाही. मी त्यांचा हात हातात घेऊन बघितला, तर बोटांची टोकं गुळगुळीत झालेली आणि वर कातडं वाळून कडक. फोनला ते बोट बोटच वाटत नव्हतं. मी त्यांना बोटाला किंचित ओला रुमाल लावायला सांगितला आणि फोनमध्ये स्पर्श जास्त ओळखण्याची सोय होती ती चालू केली. मग जमलं. पण मला त्या बोटांनी दिवसभर सोडलं नाही. जन्मभर काम करून झिजलेली बोटं, आणि ह्या यंत्राला ती माणसाची वाटत नाहीत.

पुढचं प्रकरण कुलपाचं. मुलाने फोनला नंबरचं लॉक घातलेलं आणि आण्णा तो नंबर रोज विसरायचे. मी म्हटलं, "आण्णा, लॉक हवंच. कुणी उघडलं तर?"

आण्णा खवळले. "बाई, आमच्या गावात घराला चौकट हाय, दार न्हाई. माजा जन्म बिनदाराच्या घरात गेला. आन आता ह्या टीचभर डबड्याला कुलूप लावू व्हय?"

"आणि चोरानं नेला म्हणजे?"

"न्हेऊ द्या की! त्याला तरी कुठं चालवता येतोय!"

शेवटी चेहरा बघून उघडणारं लॉक बसवलं. आण्णा फोनकडे बघतात आणि तो उघडतो. त्यांना ते पटलं. म्हणाले, "ह्यो आपल्या गावचा झाला."

*

मार्थाबाई नर्स होत्या. नीटनेटक्या, ठाम. मुलगी परदेशात, तीही नर्सच. दर रविवारी चर्चहून आल्यावर तिचा फोन यायचा. "मी मस्त आहे, गुडघे मस्त, जेवण मस्त," असं सगळं सांगून झालं की मार्थाबाई म्हणायच्या, "ठेवते हं." आणि फोन ठेवायच्या.

म्हणजे खरोखरच ठेवायच्या! फ्रीजवरच्या क्रोशाच्या रुमालावर. जुना फोन खाली ठेवला की आपोआप बंद व्हायचा. त्यांच्या हाताला तीच सवय. लाल बटण त्यांच्या गावीही नव्हतं.

एका रविवारी मुलीनेही तिकडे फोन कानाला तसाच धरून ठेवला. फ्रीजवरून तिला ऐकू येत होतं. भांडं घासल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. मग मार्थाबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोशी बोलायला लागल्या. "आज पण घास गिळवला नाही. जिना उतरताना दोनदा बसले. पोरीला नाही सांगितलं. तू पण सांगू नकोस."

मुलगी त्याच महिन्यात रजा टाकून आली. आईला दवाखान्यात नेलं, औषधं बदलून घेतली, खालच्या मजल्यावर खोली बघून दिली. जाताना माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, आईला फोन बंद करायला शिकवा. मला रोज असं ऐकवणार नाही."

मी शिकवलं. मार्थाबाई हुशार, एका दुपारीत शिकल्या. तरीही परवा मुलीचा मला मेसेज आला की आई अजून फोन तसाच ठेवते. मी मार्थाबाईंना जरा रागावूनच विचारलं, "लाल बटण येतं ना तुम्हाला?"

त्यांनी चष्मा पुसला. "येतं हो, ताई. पण सगळंच काही तोंडावर सांगता येत नाही."

*

आता गयाकाकू. खरं म्हणजे एवढं सगळं मी बोलते आहे ते त्यांच्यापाशी यायचं म्हणूनच.

गयाकाकू आल्या त्या नवऱ्याला घेऊन. रंगनाथराव साखर कारखान्यात होते. ऊस गव्हाणीत टाकतात तिथे देखरेखीला. उंच, पांढरी टोपी, बोलणं कमी. काकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, ह्यांना हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई. घरातनं निघतात आन वाट चुकतात. पोराला कळवायचं हाय."

मुलगा पुण्याला. फोन केला की तो कामात असायचा, "आई, मेसेज टाक," म्हणायचा. काकूंना अक्षर ओळखता यायचं, पण डोळ्यांत मोतीबिंदू. मी म्हटलं, लिहायचं कशाला? माईकचं चित्र दाबा आणि बोला, फोनच लिहितो.

काकूंनी फोन तोंडाशी धरला आणि सगळा जीव गोळा करून बोलल्या, "तुज्या वडलांची तब्येत बरी न्हाई. मी एकटीच हाय."

मी दुसऱ्या कुणाचा तरी फोन बघत होते. काकूंनी मेसेज पाठवूनही दिला. लगेच उत्तर आलं. काकूंनी मला वाचायला दिलं. मुलाने लिहिलं होतं, "हाय आई! छान!" आणि पुढे हसरा चेहरा.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "बाप बरा न्हाई म्हनल्यावर पोरगा छान म्हनतोय?"

मी वरचा मेसेज बघितला. फोनला आमच्याकडची बोली कुठली कळायला! त्याने ‘न्हाई’चं ‘आई’ केलं होतं आणि ‘हाय’ इंग्रजीत लिहून पुढे हात हलवणारं चित्र घातलं होतं. पुण्याला पोचलं ते असं, की तुझ्या वडलांची तब्येत बरी, आई. मी एकटीच, हाय!

मी समजावलं, "काकू, फोनशी बोलताना ‘आहे’ म्हणायचं, ‘नाही’ म्हणायचं."

"मंजे माज्या पोराशी बोलायला मी दुसऱ्याची बोली बोलू?" काकूंना खरंच वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. मग मी त्यांना आवाजच पाठवायला शिकवला. बटण धरून बोलायचं, सोडलं की गेला. काकू पुन्हा तेच बोलल्या, आपल्या बोलीत. त्या रविवारी मुलगा घरी आला.

*

पण खरी गरज वेगळीच होती. रंगनाथराव बाहेर पडले की काकूंना त्यांच्या खिशातला फोन वाजवता आला पाहिजे. काकूंना आकडे दिसत नव्हते. म्हणजे तोंडी सांगायचं, "अमक्याला फोन लाव." तो लावतो. एवढं सोपं!

"म्हणा काकू, रंगनाथला फोन लाव."

काकूंनी फोन मांडीवर पालथा घातला. मार्थाबाईंनी मला कोपराने ढोसलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गयाकाकू नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्न झाल्यापासून कधीच नाही. रेशन दुकानात नाही, दवाखान्यात नाही. तिथेही शेजारणीला पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "तू सांग."

"काकू, इथं कोण परकं आहे?"

"त्ये बसलेत की समोर!" काकू लाजून लाल. मग पदर सावरून म्हणाल्या, "नाव घ्यायचंच आसंल तर सरळ कसं घेऊ? रीतीनं घेते."

आणि त्यांनी फोनला उखाणा घातला!

"वाचनालयाच्या दारी सावली पडली लिंबाची, रंगनाथरावांना फोन लागू दे, हीच आस जिवाची."

खोलीत टाळ्या. रंगनाथराव मान खाली घालून हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. आणि फोनने एवढं ऐकून लिंबाच्या लोणच्याची कृती काढून दिली!

दगडूआण्णा म्हणाले, "बरनी आना आता."

हसणं ओसरल्यावर मला प्रश्न पडला की वेळ आली तर ह्या बाई उखाणा रचत बसणार का? मी विचारलं, "काकू, घरी हाक कशी मारता?"

"मारायची काय त्यात? अहो म्हनते."

मी काकूंच्या फोनमध्ये नवऱ्याचं नाव ‘अहो’ असं घातलं. "म्हणा."

"अहोला फोन लाव," काकू दबकत म्हणाल्या. आणि समोरच्या खुर्चीत रंगनाथरावांचा खिसा वाजायला लागला. काकूंनी तोंडावर पदर धरला. रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या ‘अहो’ला पहिल्यांदा यंत्राने ओ दिली होती.

*

रंगनाथरावांचा फोन मी रिकामा करून टाकला. काही म्हणजे काही ठेवलं नाही. जाहिरातवाले आणि फसवणारे त्यांना गोंधळवून सोडायचे, म्हणून बाकीचे सगळे कॉल बंद केले. काकूंचा आणि मुलाचा, एवढे दोनच फोन लागायचे. घंटी पूर्ण मोठी. आणि पडद्यावर एकच चौकोन, त्यात काकूंचा फोटो. फोटोला बोट टेकवलं की काकूंना फोन.

रंगनाथरावांनी बराच वेळ फोटो बघितला. मग बोट टेकवलं. शेजारच्या खुर्चीवर काकूंचा फोन वाजला. काकूंनी उचलला.

"आगं, ऐकलं का," रंगनाथराव समोर बघत फोनमध्ये म्हणाले, "मी वाचनालयात हाय. काळजी करू नको."

काकूही समोर बघत म्हणाल्या, "मी बी हितंच हाय."

"मग बरं झालं," रंगनाथराव म्हणाले, आणि दोघं तसेच फोन कानाला धरून बसून राहिले. मी दोघांनाही लाल बटण दाबायला सांगितलं नाही.

*

हा शेवटचा. हा मी फार कमी जणांना सांगितला आहे.

त्या दिवशी दुपारी मला काकूंचा फोन आला. मागे भाजीबाजाराचा गलका. "ताई, हे संगं हुते. मेथी घेत हुते मी, वळून बघते तर न्हाईत. फोन लावला तर लागंना."

"काय म्हणतोय फोन?"

"‘अहो सापडत नाहीत’ म्हनतोय! ते मला बी दिसतंय की!" आणि काकूंचा आवाज फुटला.

माझ्या लक्षात आलं. मुलगा सणाला येऊन गेला होता. आईचा फोन नीट लावून देतो म्हणाला होता. ‘अहो’ बघून त्याला हसू आलं असणार. त्याने सरळ बापाचं नाव लिहून टाकलं असणार. चांगल्या मनानेच.

"मुलाला लावला का?"

"उचलत न्हाई."

माझा फोन रंगनाथरावांना लागत नव्हता. कुणाचाच लागत नव्हता, मीच तसं करून ठेवलेलं. मी म्हटलं, "काकू, आता नाव घ्यावं लागेल. सरळ. उखाणा नाही, ‘राव’ नाही."

"तुमी घ्या की ताई, हितनंच. त्यो ऐकंल."

"माझं नाही चालणार, काकू. तो तुमचाच आवाज ओळखतो. तुम्हालाच घ्यावं लागेल."

पलीकडे नुसता बाजार ऐकू येत राहिला. मग फोन बंद झाला. ह्या वेळी त्यांनी लाल बटण दाबलं होतं. मी चप्पल घालून रिक्षा पकडली.

मी पोचले तेव्हा काम झालेलं होतं. मेथीवाली मला सांगत होती, "भिताडाकडं तोंड केलं, पदरात फोन घेतला आन नाव घेतलं बाईनं. त्यो मेला फोन म्हनतो, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा! मंग बाईनं पदर काढला आन असं मोठ्यानं घेतलं, की आख्खी मंडई बघाया लागली!"

रंगनाथरावांचा फोन स्टेशनवरच्या चहावाल्याने उचलला होता. "बाबा बाकावर बसलेत," म्हणाला. "त्यांच्या खिशात वाजतंय आणि ते नुसते बघतायत, म्हणून मी घेतला."

आम्ही त्याच रिक्षाने स्टेशनवर गेलो. वाटेत काकू एकच वाक्य बोलल्या. "लगीन झालं तवा मी म्हायेराहून दौंडच्या गाडीनं यायची. हे न्यायला यायचे."

फलाटावर गाडी शिरत होती. रंगनाथराव बाकावर नव्हते. लांब पुढे, फलाटाच्या अगदी कडेला, गाडीच्या बरोबर चालत होते. प्रत्येक डब्याच्या दारात वाकून बघत. गाडी अजून थांबली नव्हती.

"अहो!" काकू ओरडल्या. "अहो!" गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार! दोन-तीन परके पुरुष तेवढे वळून बघायला लागले. मला तर पळवतही नव्हतं.

मग काकू थांबल्या, आणि पोटातून ओरडल्या, "रंगनाथ! ए रंगनाथ! थांब!"

रंगनाथराव जागीच थांबले. चहावाल्याने धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि आत ओढलं. गाडी पुढे जाऊन उभी राहिली.

आम्ही जवळ गेलो. रंगनाथरावांनी काकूंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग चहावाल्याला हळूच विचारलं, "ह्या बाई कोन?"

"आजोबा, तुमच्या घरच्या आहेत. तुम्हाला हाक मारत होत्या."

"न्हाई रं," रंगनाथराव अगदी सभ्यपणे म्हणाले. "आमची मंडळी माजं नाव घेत न्हाईत. ती यायचीय अजून. ह्याच गाडीनं."

मला काय करावं कळेना. काकूंनी मात्र डोक्यावरून पदर घेतला. दोन पावलं मागे गेल्या, गाडीच्या दारापाशी. आणि तिथून, घरात म्हणतात तशा आवाजात म्हणाल्या, "अहो."

रंगनाथराव वळले. त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"आलीस व्हय! लई उशीर केला गं गाडीनं."

"व्हय. चला."

काकूंच्या हातातली मेथीची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. जिन्यापर्यंत दोघं बरोबर चालत गेले. मी मागे. पायरीपाशी रंगनाथराव थांबले, मागे वळून फलाटाकडे बघितलं आणि काकूंच्या कानाशी वाकून म्हणाले,

"आत्ता एक बाई आल्ती. माजं नाव घेऊन वरडत हुती. तुज्या वळखीतली हाय का कोन?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "गेली ती. बघून चला, पायरी हाय."